सैल सोडा हो

लग्नाला आठ महिने झाले होते तेव्हा संबंधाच्या वेळी दुखतं म्हणून मी पहिल्यांदा गायनॅककडे गेले, एकटीच, ऑफिसमधून हाफ डे टाकून. टेबलवर झोपवलं, पाय वर अडकवले आणि मॅडम म्हणाल्या, "सैल सोडा हो." मी सैल सोडायच्या ऐवजी अजूनच आवळून घेतलं, मुद्दाम नाही, आपोआप. "सैल सोडा म्हणते ना, असं केलंत तर तपासू कशी?" तिसऱ्यांदा आवाज चढला, सिस्टरनी माझा गुडघा बाहेरच्या बाजूला दाबून धरला, मी थांबा थांबा म्हणत होते आणि कोणीही थांबलं नाही. वर ट्यूबलाइटच्या पट्टीत मेलेली चिलटं साचली होती, मी तीच बघत राहिले. उठल्यावर मॅडम म्हणाल्या सगळं नॉर्मल आहे, मनातली भीती काढून टाका, चार दिवस दोघं कुठेतरी फिरून या.

आम्ही महाबळेश्वरला जाऊन आलो. तिथेही तेच. जवळ येणं, हसणं-बोलणं, सगळं छान, आणि मग त्या एका क्षणाला जणू मध्ये भिंतच, आणि भिंतीला कोणी विस्तव लावल्यासारखी आग. मी रडायचे, नवरा घाबरून बाजूला व्हायचा आणि मला सॉरी म्हणायचा, मीही त्याला सॉरी म्हणायचे, आणि मग दोघं दोन कडांना झोपायचो. हळूहळू नुसता त्याचा हात खांद्यावर आला तरी पोटात गोळा यायला लागला, कारण हा हात पुढे कुठे जाणार याचा हिशोब डोक्यात आधीच सुरू व्हायचा. शनिवार आला की दुपारपासून माझं डोकं दुखायचं, आणि ते खोटं नसायचं.

आईला एकदा फोनवर अर्धवट सांगितलं. ती म्हणाली, सुरुवातीला होतं गं सगळ्यांनाच, सवय होते. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, तिलाही तिच्या आईने तेच सांगितलं असणार. आपल्याकडे 'अंगावर काढणे' हा शब्दच बायकांच्या दुखण्यासाठी केला असावा असं मला वाटतं. ताप अंगावर काढायचा, पाळीची कंबर अंगावर काढायची आणि हेही. मी जवळजवळ तीन वर्षं काढलं.

मग एका रात्री दोन वाजता मोबाईलवर शोधता शोधता नाव सापडलं, व्हजायनिस्मस. योनीच्या तोंडाभोवतीचे स्नायू आपल्याला न विचारता आवळले जाणं. नाव सापडलं तेव्हा मी पांघरुणात तोंड घालून रडले, पण ते रडणं वेगळं होतं, म्हणजे हे आहे, माझ्या एकटीचं नाही, याला नाव आहे. नंतर कळलं की हे नाव देणारा माणूस मॅरियन सिम्स नावाचा अमेरिकन सर्जन, १८६१ साली त्याने लंडनमध्ये डॉक्टरांसमोर ते मांडलं, आणि त्याचा उपाय काय तर तिथे कापायचं आणि मग काचेच्या नळीने ताणून ठेवायचं. याच माणसाने त्याआधी अलाबामात गुलाम म्हणून राबवल्या जाणाऱ्या काळ्या बायकांवर भूल न देता ऑपरेशनचे प्रयोग केले होते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा २०१८ मध्ये काढला. मी हे वाचून बराच वेळ सुन्न बसले. दुखण्याला नाव देणारा पहिला माणूसच बाईला न विचारता पुढे जाणारा होता. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचाराच्या वर्गीकरणात हे वेगळं नाव राहिलं नाही, संबंधाच्या वेळचं दुखणं, त्याची भीती आणि स्नायूंचं आवळणं हे सगळं एकाच निदानाखाली घेतलंय, आणि मला ते जास्त खरं वाटतं, कारण आत राहणाऱ्या बाईला दुखणं कुठे संपतं आणि भीती कुठे सुरू होते हे सांगताच येत नाही.

२०१९ मध्ये पुण्यात एक फिजिओथेरपिस्ट भेटल्या, फक्त पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं, काम करणाऱ्या. तेव्हापर्यंत फिजिओ म्हणजे गुडघे आणि फ्रोझन शोल्डर एवढंच मला माहीत होतं. मी त्यांना ताई म्हणते. पहिल्या भेटीत ताईंनी टेबल दाखवलंच नाही, खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, आज आपण तपासणार नाही, पुढच्या वेळीही नाही, तुम्ही स्वतः म्हणाल तेव्हाच. मला वाटतं माझं अर्धं दुखणं त्या वाक्याला हललं.

मग म्हणाल्या मूठ घट्ट आवळा. आवळली. आता दुसऱ्या हाताचं बोट त्या मुठीत घाला. जाईना. जोर लावा. जोर लावला तर मुठीलाही दुखलं, बोटालाही दुखलं आणि मूठ अजून घट्ट झाली. आता बोट बाजूला ठेवा, नुसता श्वास सोडा, सावकाश, आणि मुठीला काही सांगू नका. दोन-तीन श्वासांनंतर बोटं आपली आपण सैलावली. "झालं," ताई म्हणाल्या, "एवढंच काम आहे, फक्त वेळ लागतो." आपण जीव मुठीत धरून म्हणतो ना, माझा खरंच तसा होता, तीन वर्षं.

त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मी कितीतरी मैत्रिणींना सांगितली आहे. २००१ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी बायकांना सिनेमाचे वेगवेगळे तुकडे दाखवले आणि त्या वेळी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू किती आवळतात ते मोजलं. धोक्याचा, धमकीचा सीन आला की ते स्नायू आवळले, आणि हा त्रास असलेल्या बायकांचेच नाही, नसलेल्यांचेही, आणि सोबत खांद्याजवळचे स्नायूही. म्हणजे हे शरीराचं राखण करणं आहे. पापणी जशी डोळ्यासमोर काही आलं की मिटते तशी. पापणीला कोणी रागावत नाही, तुझ्या मनातली भीती काढून टाक म्हणत नाही. माझं शरीर माझ्याविरुद्ध गेलेलं नव्हतं, ते माझ्या बाजूने उभं होतं, फक्त धोका टळलाय हे त्याला कळत नव्हतं.

आणि आवळायची सवय तरी किती जुनी. शाळेतला संडास घाण म्हणून सकाळी सात ते दुपारी एक लघवी धरून ठेवायची. एसटी स्टँडवर टेकायचं नाही म्हणून गुडघ्यात वाकून अधांतरी बसायचं, म्हणजे जे स्नायू सोडायला हवेत तेच ताणून ठेवायचे. मुंबईत बायकांना सार्वजनिक स्वच्छतागृहांसाठी राइट टू पी नावाची चळवळ उभारावी लागली ती उगाच नाही. पोट आत घे, पाय जुळवून बस, पाळीत डाग पडेल म्हणून चोरून चाल. सोडणं आम्हाला कोणी शिकवलंच नाही, धरणं मात्र लहानपणापासून.

ताईंचा पहिला गृहपाठ म्हणजे श्वास, आणि मला जरा राग आला होता, एवढे पैसे देऊन श्वास घ्यायला शिकायचं का. पण मला येत नव्हता. मी छातीत वरवर श्वास घेत होते, पोट आत धरून, वर्षानुवर्षं. छातीखालचा श्वासाचा पडदा आणि ओटीपोटाचा तळ एकाच लयीत चालतात, श्वास आत घेतला की पडदा खाली येतो आणि तळही हलकेच खाली उतरतो, सोडला की दोन्ही वर. म्हणजे पोट फुगू दिलं नाही तर खालचा तळ उतरणार कसा? गुरुवारी दुपारी सासूबाई भजनाला जायच्या, तो माझा तास. बेडरूममध्ये सतरंजी, गुडघ्याखाली लोड, ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी, एक हात छातीवर आणि एक बेंबीखाली. चार मोजेपर्यंत आत, सहा-सात मोजेपर्यंत बाहेर, आत घेताना खालचा हात उचलला गेला पाहिजे, वरचा नाही. सोडताना भ्रामरीसारखा बारीक हुंकार, म्हणजे श्वास आपोआप लांबतो आणि लांबलेल्या श्वासाने छातीतली धडधड उतरते. पहिले काही दिवस काहीच जाणवलं नाही, खालचा भाग जणू माझा नव्हताच. मग एका गुरुवारी श्वास घेताना आत खोल काहीतरी किंचित उतरल्यासारखं वाटलं, लिफ्ट खाली जायला लागली की पोटात होतं ना त्याच्या शंभरावा भाग. मी उठून बसले. परत आडवी झाले, परत झालं.

ताई म्हणायच्या, शू करताना तुम्ही ढकलता का? नाही ना, नुसतं सोडता. ते सोडणं लक्षात ठेवा, तेच आपल्याला हवंय.

मी त्याआधी दोन महिने इंटरनेटवर बघून केगल, म्हणजे ओटीपोटाचा तळ आवळायचा व्यायाम, करत होते, रोज, मन लावून, आणि दुखणं वाढलं होतं. केगल नावाच्या डॉक्टरांनी १९४८ साली हा व्यायाम मांडला तो बाळंतपणानंतर लघवीवरचा ताबा सुटलेल्या बायकांसाठी, म्हणजे ज्यांचे स्नायू ढिले पडलेत त्यांना बळ यावं म्हणून. माझी तक्रार नेमकी उलटी. आधीच आवळलेल्या मुठीला अजून आवळायला शिकवत होते मी. योगाच्या क्लासमध्ये मूलबंध लावा, म्हणजे तोच तळ आत ओढून धरा, म्हणायचे तेव्हाही तेच व्हायचं, लावता यायचा लगेच, सुटायचा नाही. म्हणून ज्यांना दुखतंय त्यांनी कुणाच्या सांगण्यावरून केगल सुरू करू नका, आधी तळ आवळलेला आहे की ढिला हे जाणकाराकडून बघून घ्या, एवढं मी हात जोडून सांगते.

आवळून सोडण्याची एक पद्धत मात्र खूप उपयोगी पडली, पण ती सगळ्या अंगाची. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९२९ मध्ये ती पुस्तकातून मांडली. पायाची बोटं आवळायची, पाच-सात सेकंद धरायची, सोडायची आणि सोडल्यावर काय वाटतंय ते नुसतं बघत राहायचं. मग पोटऱ्या, मांड्या, नितंब, पोट, मुठी, खांदे, कपाळ. यात सगळ्यात महत्त्वाचं ते सोडल्यानंतरचं थांबणं, मी आधी तेच घाईघाईने उरकायचे. माझा जबडा मला तेव्हा पहिल्यांदा सापडला. दिवसभर दात दातांवर. ताई म्हणाल्या जबडा सुटला की खालचंही सुटायला मदत होते, आणि मी भाजी चिरताना, सिग्नलला थांबल्यावर, मीटिंगमध्ये, जीभ टाळूपासून खाली सोडून दात वेगळे करायला लागले. आसनांमधली बालासन, म्हणजे गुडघे मुडपून पुढे टेकून पडणं, आणि सुप्त बद्धकोणासन, म्हणजे पाठीवर पडून तळवे जुळवून गुडघे बाजूला सोडणं, ही मला मानवली, उशांचा आधार घेऊन, ताणायचं नाही, नुसतं पडून राहायचं.

नवऱ्यासाठी पण गृहपाठ होता. काही आठवडे संबंधांचा प्रयत्नच करायचा नाही, पूर्ण बंद. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधक जोडीने १९७० च्या सुमारास ही पद्धत जगासमोर आणली, आधी नुसता स्पर्श, पाठ, हात, केस, तोही कुठेही पोचायचं नाही म्हणून. मला वाटलं होतं त्याला हे शिक्षा वाटेल. तो म्हणाला, "बरं झालं, मलाही भीती वाटायची गं. आपण तुला दुखावणारा माणूस आहोत असं वाटायचं." तीन वर्षांत हे मी विचारलंच नव्हतं त्याला. त्या आठवड्यांमध्ये एका रात्री त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्या पोटात गोळा आला नाही, कारण हिशोबच नव्हता, हात तिथेच राहणार होता. मी तशीच झोपून गेले, त्याचा हात पाठीवर. सकाळी त्याने सांगितलं की हात बधिर झाला होता पण काढला नाही.

आमचा एक शब्द ठरला होता, साधाच, 'थांब'. तो कधीही म्हणायचा, कारण न देता, आणि ताईंनी सांगितलं की काही नसलं तरी मुद्दाम म्हणून बघा. म्हणजे शरीराला कळू दे की हा शब्द चालतो. मी म्हणायचे, तो थांबायचा. परत म्हणायचे, परत थांबायचा. सगळे श्वास आणि सगळी आसनं एका बाजूला आणि हे एका बाजूला, मला विचाराल तर. थांबता येतंय याची खात्री पटली तेव्हाच माझं अंग सुटायला लागलं, त्याआधी नाही.

मग आरसा. तिशीला आले होते आणि मी स्वतःला कधी पाहिलं नव्हतं. आपल्याकडे त्याला शब्द तरी कुठेत, 'तिथे', 'खाली', 'शूची जागा', आणि पुस्तकातला 'योनी' जो उच्चारताना आवाज आपोआप उतरतो. मग स्वतःची करंगळी, नखं कापून, वॉटर बेस्ड जेली लावून, श्वास आत घेताना नुसती टेकवायची. घरातलं खोबरेल चालतं का हे बायका विचारतात. माझ्या ताई म्हणाल्या होत्या की जंतुसंसर्ग नसेल तर बाहेरून चालेल, पण कंडोम वापरत असाल तर अजिबात नको, तेलाने लॅटेक्स कमजोर होतं. मग डायलेटर्स, गुळगुळीत सिलिकॉनच्या कांड्या, चढत्या जाडीच्या, सगळ्यात लहान आपल्या बोटाएवढी. पार्सल सासूबाईंनी घेतलं. "काय गं मागवलंस?" मी म्हटलं, "फिजिओचं सामान आहे, कमरेचं." त्या म्हणाल्या, "कर बाई नीट, आम्ही नाही केलं कधी." आणि पिशवी माझ्या हातात देऊन आत गेल्या. त्यांना किती कळलं होतं मला आजही माहीत नाही. ते 'आम्ही नाही केलं कधी' मात्र माझ्या डोक्यात राहिलं.

डायलेटर म्हणजे ताणून मोठं करायचं असं लोकांना वाटतं, मलाही वाटायचं. तसं नाही. ते शरीराला दाखवायचं असतं की बघ, काही आलं, आणि काही वाईट झालं नाही. दहा-पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीन-चारदा, दुखलं तर मागे यायचं, आदल्या लहान नंबरवर. तिसऱ्या नंबरला मी दीड महिना अडकले. ऑफिसचं टेन्शन असलं की दुसराही जायचा नाही. मी रडकुंडीला येऊन ताईंना म्हटलं की सगळं वाया गेलं. त्या म्हणाल्या, आज नाही म्हणालं तर आज ऐका, उद्या परत विचारा.

एक मात्र मला ठासून सांगायचंय. रिलॅक्सेशन करून बघ म्हणजे दुखणं खोटं आहे असं नाही, आणि सगळं दुखणं श्वासाने जात नाही. नाशिकच्या माझ्या मैत्रिणीला बाळंतपणातल्या टाक्यांच्या जागी दुखायचं, तिला तिथल्या वणाला मसाज करायला शिकवलं आणि अंगावर पाजत असल्यामुळे आलेल्या कोरडेपणावर डॉक्टरांनी औषध दिलं. माझ्या मावशीला पाळी गेल्यावर पन्नाशीनंतर सुरू झालं, ती वर्षभर देवाधर्माचं निमित्त काढून वेगळी झोपली, शेवटी डॉक्टरांनी लावायचं हार्मोनचं क्रीम दिलं आणि बराच फरक पडला. एंडोमेट्रिओसिस असतो, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं, इन्फेक्शन असतं, तिथल्या त्वचेचे आजार असतात. आत खोल दुखतंय की तोंडाशी, आग होते की कळ येते, पाळीच्या आसपास वाढतं का, हे नीट सांगा आणि तपासून घ्या, आणि ज्या डॉक्टर ऐकत नाहीत त्यांना सोडून दुसरीकडे जा. आणि ज्यांच्यावर कधी जबरदस्ती झाली आहे त्यांना समुपदेशकाची सोबत हवीच, एकटीने सतरंजीवर पडून ते निस्तरायचं ओझं त्यांच्यावर टाकू नये कोणी. जिथे घरात 'थांब' म्हणायची सोयच नाही तिथे तर सैलावण्याचे व्यायाम सांगणं हाच अन्याय आहे, तिथे शरीर आवळतंय ते बरोबरच करतंय.

र. धों. कर्व्यांनी १९२७ च्या जुलैमध्ये मुंबईत समाजस्वास्थ्य मासिक सुरू केलं, त्यात बाईच्या कामजीवनाबद्दल उघड लिहिलं, त्यासाठी कोर्टात उभे राहिले आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत ते चालवलं, मागे पत्नी मालतीबाईंचा आधार. मराठीत इतक्या आधी कोणीतरी हे बोलून ठेवलंय, आणि मी माझ्या आईशी फोनवर अर्धं वाक्य बोलू शकले नाही याचं मला फार वाईट वाटतं. नंतर बोलले मात्र. दिवाळीत चकल्या तळताना, ती सोऱ्या फिरवत होती, मी झारा धरला होता, दोघींची तोंडं कढईकडे. सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मला वाटायचं मीच तशी आहे." चकली जरा जास्त लाल झाली तेव्हा आम्ही भानावर आलो.

जवळजवळ सव्वा वर्षाने आमचा संबंध दुखल्याशिवाय झाला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, ते आमचं दोघांचं. अजूनही एखाद्या महिन्यात आवळतं, मग आम्ही तेवढ्यापुरतं मागे येतो.

गेल्या वर्षी पाळीच्या त्रासासाठी आतून सोनोग्राफी करायला सांगितली. सेंटर दुसरं, डॉक्टर तरुण मुलगी, टेबल मात्र तसंच. माझे तळवे गार पडले. मी आधीच सांगून टाकलं की मला व्हजायनिस्मस होता, प्रोब मी स्वतः आत घेऊ का, आणि मी थांबा म्हटलं की थांबाल का. ती म्हणाली, "हो मॅडम, घ्या ना, सावकाश." जेली जास्त लावून प्रोब माझ्या हातात दिला. मी जबडा सोडला, पोट फुगू दिलं, हुंकार मनातल्या मनातच केला. अर्ध्यात मला खालून आवळल्यासारखं झालं.

"थांबा," मी म्हटलं.

तिने स्क्रीनवरचा हात उचलला, खुर्ची मागे सरकवली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. एसीचा आवाज येत होता. मी पाच-सहा श्वास घेतले.

"हं, चला," मी म्हटलं.